पाचशे फुटांवरचा मेहुणा

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरीनं खिडकीचा पडदा सारला आणि तिला सगळ्यात आधी काय दिसावं, तर तळ्यात घुसलेल्या खडकाच्या टोकावर मांडून ठेवलेली एक रिकामी खुर्ची.

"आई," मार्लिस म्हणाली. तिच्या केसांना अजून रोलर लावलेले होते आणि अंगात होणाऱ्या नवऱ्याचा, अर्मांडचा, चौकड्यांचा शर्ट होता. "ती खुर्ची तिथे कशाला?"

लेम्पी पास्टीला मुरड घालत होती. मटण, बटाटा आणि सलगमाचं सारण, वर जाड पारी. साठ पाहुण्यांसाठी साठ पास्ट्या, शिवाय चार वरकड, कारण तिची थोरली बहीण साइमा आल्या दिवसापासून दोन-दोन खात होती.

"बसायला," लेम्पी म्हणाली.

"कुणाला?"

"जो दमेल त्याला."

"सांगून टाक गं बाई," साइमा कॉफीत वेलचीचा पाव बुडवत म्हणाली. "पोरीला अजून चष्मा लागलेला नाही. दुपारी दिसणारच आहे."

मार्लिसनं पडदा सोडला. "रेनो येणार नाही, असा शब्द दिला होतास मला."

"दिला होता, आणि पाळतेय. कोर्टानं काय सांगितलंय? अर्मांडच्या पाचशे फुटांच्या आत यायचं नाही, त्याला निरोपही धाडायचा नाही. रेनो पाचशे फुटांच्या बाहेर बसणार. म्हणजे कायद्याच्या हिशेबानं तो आलेलाच नाही."

"आणि तुझ्या हिशेबानं?"

"माझ्या हिशेबानं माझा लेक त्याच्या बहिणीच्या लग्नाला आलाय," लेम्पी म्हणाली आणि पास्टीची कड जरा जास्तच जोरानं दाबली.

दोन हिवाळ्यांपूर्वी रेनोचा पंधरा वर्षांचा मुलगा ऑस्कर आजोबांची बंदूक घेऊन शाळेत गेला होता. बंदुकीच्या कपाटाला कुलूप होतं. पण किल्ली साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, दाराशेजारी खिळ्यावर होती, गेली चाळीस वर्षं. कपाटाला कुलूप हवं आणि किल्ली घरातल्या प्रत्येकाला सापडायला हवी, अशी लेम्पीच्या दिवंगत नवऱ्याची शिस्त, ती रेनोनंही चालू ठेवलेली, आणि या किनाऱ्यावरच्या निम्म्या घरांत अशीच किल्ली अशाच खिळ्यावर. हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो त्या दिवशी इथे शाळेलाही सुट्टी असते. बंदूक म्हणजे घरातलं फावडं किंवा शिडी, इतकीच तिची भीती.

ऑस्करनं दोन गोळ्या झाडल्या. एक मुलांच्या दप्तरांच्या कपाटांत शिरली. दुसरी शाळेची झाडलोट करणाऱ्या अर्मांडच्या मांडीत. तो त्या वेळी दिसेल त्या पोराला बॉयलरच्या खोलीत ढकलत होता. कुणी मेलं नाही, हे वाक्य गावात सगळे आधी म्हणतात. पण त्या वर्गातली काही पोरं अजूनही कपाटाचं दार आपटलं की खाली बसतात, हे त्यानंतर म्हणावंच लागतं.

ऑस्कर सात तासांच्या अंतरावर मुलांच्या सुधारगृहात होता, औषधं घेत होता, हळूहळू पुन्हा बोलायला लागला होता. आणि सरकारनं खटला भरला तो बापावरसुद्धा. मुलाचं डोकं ताळ्यावर नाही हे दिसत असताना हत्यार त्याच्या हाताशी ठेवलं म्हणून. या भागात असं आधी कधी झालं नव्हतं. सरकारी वकिलानं साक्षीला बोलावलं मार्लिसला. तिनं सांगितलं, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणानंतर भांडी विसळताना मी भावाला म्हणाले होते, पोराचं काही खरं दिसत नाही, ती किल्ली खिळ्यावरून काढ. त्यावर तो हसला होता.

रेनोनं त्याच कोर्टात शपथ घेऊन सांगितलं, "माझी बहीण असं काही म्हणालीच नव्हती. तिला तिखटमीठ लावून सांगायची सवयच आहे."

ज्युरीतल्या पंचांनी बहिणीवर विश्वास ठेवला. रेनो वर्षभर तुरुंगात राहून वसंतात सुटला. भाऊ-बहीण मात्र त्या दिवसापासून एकमेकांशी बोललेले नव्हते. आणि त्याच कोर्टाच्या बोळात, कॉफीच्या यंत्रापाशी, कुबड्या सांभाळत सुट्टे पैसे शोधणारा अर्मांड मार्लिसला भेटला. पन्नाशीतली विधवा आणि साठीला टेकलेला ब्रह्मचारी. "एकच खटला," साइमा सगळ्यांना सांगत फिरायची, "पण निकाल दोन लागले!"

"मी अख्ख्या गावासमोर खोटारडी ठरले होते," मार्लिस आता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पंचांनी काही का ठरवेना. किराणा दुकानात बायका माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. त्यानं तुरुंग भोगला म्हणून ते शब्द पुसले गेले का, आई? सुटून आल्यावर एकदा तरी म्हणाला का, की तू खरं बोललीस?"

"नाही म्हणाला."

"मग काढ खुर्ची."

लेम्पीनं हात पुसले. तिला भांडण नको होतं. तिला एवढंच हवं होतं की, डोळे मिटण्याआधी आपली दोन्ही लेकरं एकदा एका जेवणाला दिसावीत. अठ्ठ्याहत्तरीत माणूस याहून मोठं काही मागत नाही, आणि याहून कमीवर भागत नाही.

"काढते," ती म्हणाली. "पण मग दुसरी खुर्ची त्याच्या घरात टाकते आणि मी तिथे जाऊन बसते."

"ही धमकी आहे?"

"हो."

साइमाला हसताना ठसका लागला. मार्लिसनं एक कच्ची पास्टी उचलून उगाच तिची मुरड तपासली आणि परत ठेवली.

"असू दे. पण मी त्या बाजूला मान वळवणार नाही. आणि अर्मांडला काही सांगायचं नाही. तो भोळा आहे, लगेच जाऊन मिठी मारील."

"कॅथलिक आहे ना," साइमा म्हणाली. "त्यांना माफ करायची घाई असते. आपण लुथरवाले आधी चार वर्षं गप्प बसतो."

अर्मांडनं खरं तर न्यायाधीशांकडे अर्ज केला होता, की माझ्या होणाऱ्या मेहुण्यावरचा हा हुकूम उठवा. पण न्यायाधीश मासेमारीला गेलेले, सुनावणी मंगळवारी. वरातीमागून घोडं. लग्न पुढे ढकलू या, असं तो म्हणालाही. मार्लिस म्हणाली, "त्याच्यासाठी? एक तासही नाही."

दुपारी साइमाचा मुलगा रूडी मोजणीचा फीता घेऊन अंगणात आला. तो शेरिफच्या खात्यात हवालदार होता, पण आज सुटाबुटात. खडकाच्या टोकापासून मोजत मोजत तो एका बर्चच्या झाडापर्यंत पोचला.

"लेम्पीमावशी, ही रेषा. या झाडाच्या पुढे अर्मांडनं जायचं नाही, म्हणजे रेनो सुखी."

झाडाला लाल फीत बांधत होती डोरीन, रेनोची बायको. सकाळपासून ती बाकं उचलत होती, ताटं पुसत होती आणि मार्लिस खोलीत आली की खोलीतून जात होती.

"मी कामं करीन, आई," ती लेम्पीला म्हणाली. "पण तिच्या लग्नाचं अन्न माझ्या घशाखाली उतरायचं नाही. तिनं त्याला आत घातलं."

"तिनं घातलं?"

डोरीननं फितीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "माझ्यावर खटला नाही झाला. कपाट माझं नव्हतं, बंदूक माझी नव्हती. पण पोरगं तर माझंच होतं ना? मी त्याच घरात होते. मलाही दिसत होतं." तिनं नाक ओढलं. "तिचा राग केला की तेवढा वेळ स्वतःचा येत नाही, एवढंच."

लेम्पीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिथे बसलेला डास मारला; डास फार होते.

लग्न लागलं ते घरासमोरच्या हिरवळीवर. तळं आरशासारखं निवांत होतं. रेनो खडकामागून होडीनं आला आणि खुर्चीपाशी उभा राहिला. अंगात कोर्टात घातलेला तोच निळा सूट, कारण त्याच्याकडे तो एकच होता. आता तो त्याच्या अंगावर लोंबत होता. पाहुणे उठले की तो उठे, बसले की बसे. प्रार्थनेला त्यानंही मान खाली घातली. लेम्पीचा एक डोळा पाद्रीबाबांवर होता, एक टोकावर. दोन्ही डोळ्यांना पाणी येत होतं.

"या विवाहाला कुणाची हरकत असल्यास आताच बोला," पाद्रीबाबा म्हणाले, आणि साठच्या साठ माना टोकाकडे वळल्या. रेनोनं घाईघाईनं दोन्ही हात खिशात घातले. कुणीतरी फिसकन हसलं, मग हसणं हिरवळभर पसरलं, आणि अर्मांडनं मागे वळून विचारलं, "कोण आहे तिथे?"

झालं. आता लपवणार काय?

"तो आहे?" अर्मांडचा चेहरा दिवा लागावा तसा उजळला. "माझा मेहुणा आलाय? आणि मला कुणी सांगितलंही नाही?"

"आधी हो म्हण," मार्लिस दात आवळून बोलली.

"हो! हो, पाद्रीबाबा, हो!"

आशीर्वाद झाले, अकॉर्डियन सुरू झालं, आणि पहिलं ताट नवऱ्या मुलासमोर आलं. अर्मांडनं ते उचललं आणि तो चालू लागला. अधू पायानं, एका बाजूला झुकत, सरळ टोकाच्या दिशेनं. लेम्पी धावली, म्हणजे तिच्या गुडघ्यांना जमेल तशी.

"जावईबापू! त्या झाडाच्या पुढे नाही!"

"हुकूम त्याच्यावर आहे, आई, माझ्यावर नाही. मी कुठेही जाऊ शकतो. माणूस उपाशी बसलाय तिकडे."

आणि तो लाल फीत ओलांडून गेला.

रेनो उठला. अर्मांड चार पावलं पुढे, रेनो चार पावलं मागे. मागे खडकच संपत आला होता. होडी दुसऱ्या अंगाला बांधलेली, ती सोडायला वेळ कुठला! रेनोनं एकदा मागे बघितलं, बूटही न काढता पाण्यात उतरला, आणि उलट्या पावलांनी मागे सरकू लागला. जून असला म्हणून काय झालं, या तळ्याचं पाणी बर्फाच्या सख्ख्या भावंडासारखं.

"रूडी!" तो ओरडला. गुडघ्यापर्यंत पाणी. "रूडी, त्याला थांबव!"

"कुणाला?" रूडी इकडून ओरडला.

"नाव नाही घेता येत मला! निरोपही पाठवता येत नाही! तुझं तूच ओळख!"

आता हिरवळीवर हसून हसून लोकांच्या बरगड्या दुखायला लागल्या. अकॉर्डियनवाल्यालाही धड वाजवता येईना. अर्मांड ताट घेऊन खडकावर मधोमध उभा, त्याला काही कळेना, आणि रेनो कंबरेपर्यंत पाण्यात, सुटाचा कोट फुगून वर आलेला.

"अरे, ये की बाहेर!" साइमा ओरडली. "सगळे घरचेच आहेत!"

"हे बघ, मी पाठ केली," रूडी म्हणाला आणि त्यानं खरोखरच तळ्याकडे पाठ केली. "कायद्याला काही दिसत नाहीये."

"रेनो, ये रे बाळा," लेम्पीनं तोंडाशी हात धरून हाक मारली. "पाच मिनिटं. कोण बघतंय?"

पाण्यावरून आवाज लांब जातो. रेनोचं उत्तर सगळ्यांना नीट ऐकू आलं.

"तेच म्हणालो होतो मी, आई! किल्ली खिळ्यावर आहे, असू दे, आपल्या घरात कोण काय करतंय! एकदा म्हणून झालंय. आता नाही म्हणणार!"

हसणं थांबलं. लेम्पीला वाटलं, आपण भर लग्नात हे काय विचारून बसलो! अर्मांडनं मान हलवली, ताट तिथेच खडकावर ठेवलं आणि तो लंगडत लाल फितीच्या अलीकडे परत आला. तेव्हा कुठे रेनो गुडघाभर पाण्यापर्यंत वर सरकला. तिथे मात्र तो थांबला, कारण त्याला समोरून येणारी मार्लिस दिसली.

ती लग्नाच्या झग्यात होती, सपाता हातात, अनवाणी. दिवसभर त्या बाजूला मान न वळवलेली. लेम्पी मागोमाग निघाली. डोरीननं येऊन सासूचा दंड धरला आणि दोघी खडकावरून जपून चालू लागल्या.

"माझ्या बाबतीत काही हुकूम नाही," मार्लिस काठावर थांबून भावाला म्हणाली. "मला गोळी लागलेली नव्हती."

रेनोचे दात वाजत होते. "माहितीय मला."

"सूट वाया गेला तुझा."

"तो तसाही वाईट दिवसांचाच होता."

लेम्पी चार पावलांवर उभी होती, तिला बोलायचं होतं, डोरीननं तिचा दंड दाबून ठेवला.

"मी तुझ्याकडे काही मागायला आले नाही," मार्लिस म्हणाली. "तू नियम पाळलास, तो बघायला आले. लहानपणी तू लपंडावातसुद्धा पाळत नव्हतास."

"भांडी विसळत होतो आपण," रेनो म्हणाला. "तुझ्या हातात मोठी परात होती. तू म्हणालीस, किल्ली काढ. मी म्हणालो, तू आधी परात नीट घास. आणि हसलो." त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. ते सगळंच तळ्याचं नव्हतं. "मला रोज आठवतं. कोर्टातही आठवत होतं, मार्लिस. शपथ घेताना आठवत होतं."

"मला सांगून काय उपयोग? मला ते आधीच माहीत होतं."

रेनोनं तिच्याकडे बघितलं. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे, हिरवळीवरच्या त्या सगळ्या माणसांकडे. किराणा दुकानातल्या बायका तिथे होत्या. पंचांपैकी दोघे होते. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि त्याच्या बापाचा लाकूडतोड्याचा आवाज त्याच्या गळ्यातून निघाला.

"माझ्या बहिणीनं मला सांगितलं होतं! थँक्सगिव्हिंगला! किल्ली काढ म्हणाली होती! मी कोर्टात खोटं बोललो! ती खरं बोलली!"

पलीकडच्या काठावरचे पक्षीसुद्धा उडाले. मार्लिसनं सपाता टाकल्या, झगा दोन्ही हातांनी वर धरला आणि ती पाण्यात शिरली. थंडीनं तिच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती अर्ध्या गावानं ऐकली. मग तिनं झगाही सोडला आणि भावाच्या गळ्यात पडली.

"काठावर मारा मिठ्या, मूर्खांनो!" डोरीन रडत ओरडली. "न्यूमोनिया होईल!"

तिनंच दोघांना हात देऊन वर ओढलं. नणंद-भावजय एकमेकींसमोर आल्या. मार्लिसचे ओठ निळे पडले होते. डोरीननं स्वतःचा स्वेटर काढला आणि जरा रागारागानंच तिच्या अंगावर चढवला. बटणंही लावली.

"जेवलीस का, वहिनी?" मार्लिसनं विचारलं.

"नाही."

"मग हे धर." खडकावर ठेवलेल्या ताटातली पास्टी मार्लिसनं मोडून तिला दिली, उरलेली रेनोच्या हातात. डोरीननं घास घेतला आणि तो तिच्या घशाखाली उतरला.

इकडे हिरवळीवर मात्र अर्मांडला धीर निघेना. फितीपाशी उभा राहून तो पाय आपटत होता. "माझी बायको तिकडे, माझं ताट तिकडे, आणि मी इथे झाडाला टेकून! पाद्रीबाबा, धरा ते टेबल. त्या टोकाला धरा."

"कुठे न्यायचं?"

"इथे. फितीला लागून. सगळी टेबलं!"

आणि लग्न उठलं. शब्दशः उठलं. साठ माणसांनी टेबलं उचलली, बाकं उचलली, कॉफीचं पातेलं दोघांनी काठीवर घातलं, केक रूडीनं डोक्यावर घेतला. साइमा खुर्चीतून उठली नाही, म्हणून तिला खुर्चीसकट आणलं. अकॉर्डियनवाला चालता चालता पोल्काची नाचरी धून वाजवत होता, त्याचा एक सूर धड लागत नव्हता, आणि तरी दोघं-चौघं टेबलं धरल्या धरल्या नाचत होते. लाल फितीच्या कडेनं सगळी मांडामांड झाली. खडकाच्या टोकावरही एक छोटं टेबल गेलं, तीन माणसांपुरतं.

"मावशी, तू कुठे बसतेस?" रूडीनं विचारलं. "इकडे की तिकडे?"

लेम्पीनं दोन्हीकडे बघितलं. इकडे जावई पास्टीवर ताव मारत टोकाकडे हात हलवत होता. तिकडे रेनो घोंगडी पांघरून बसला होता. त्याला हात हलवायची परवानगी नव्हती, म्हणून तो जेवत होता, मोठमोठे घास, सगळ्यांना दिसावेत असे. मार्लिस त्याच्या ताटात वाढत होती.

"मधे टाक," ती म्हणाली. "बरोब्बर मधे."

रूडीनं खुर्ची खडकावर मधोमध टाकली. लेम्पी बसली. मीठ मागायलाही तिला ओरडावं लागत होतं, डास चावत होते, गुडघे दुखत होते. तिची दोन्ही लेकरं एका पंगतीला जेवत होती. पंगत जरा लांब होती, एवढंच.